लागला नाही की लावला नाही?

(रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावासमोर 'आरोपपत्र आणि बचाव' असा विषय छापला आहे. तो विषय आम्ही सोडणार नाही. पण आज तो नियमांच्या बाजूने न मांडता एका गाडीच्या बाजूने मांडावा असे ठरवले आहे. नियम पुस्तकात छापलेले आहेत, ते कुणीही वाचून दाखवील. गाडीखाली आडवे होऊन मीटर लावल्यावर नियम कसा कामाला येतो, हे आम्हाला स्वतःला फार उशिरा समजले. आम्ही मॅट्रिक पास आहोत, विजेचे शिक्षण घेतलेले नाही. त्यामुळे आम्ही सांगतो ते जर आम्हाला समजले असेल, तर इथे बसलेल्या प्रत्येकाला समजेल.

गोष्ट २०१५ च्या पावसाळ्यातली आहे. मध्य प्रदेशातला एक घाट सेक्शन. सेक्शनचे आणि ऑफिसचे नाव घेत नाही, कारण त्यातले काही लोक अजून नोकरीत आहेत आणि आमचे भांडण माणसांशी नव्हते. रात्री दरड खाली आल्याची खबर आली. खात्याची चार चाकांना जोर देणारी गाडी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, जॅक, पहारी, दोरखंड आणि चार ट्रॅकमन घेऊन कच्च्या रस्त्याने वर निघाली. शेवटच्या चढाला ड्रायव्हरने गाडी पूर्ण थांबवली, न्यूट्रल केली, ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डवरचे बटण 'लो' वर फिरवले. दिवा लुकलुकत राहिला. लो काही लागला नाही. त्याने तसाच पहिल्या गिअरवर चढ घेण्याचा प्रयत्न केला, चाके चिखलात फिरली, गाडी मागे घसरली आणि मोरीच्या कठड्याला धडकली. मागे बसलेल्या एका ट्रॅकमनचे मनगट मोडले. दरड मग माणसांनी सामान डोक्यावर वाहून नेऊन काढली. त्याबद्दल कुणाला शाबासकी मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा जबाब घेतला. तो बोलला हिंदीत, "लो नहीं लगा." लिहिणाऱ्याने लिहिले, "लो नहीं लगाया." ड्रायव्हर रात्रभर जागा, कपडे चिखलाचे, त्याने खाली सही केली. लगा आणि लगाया. आपल्या मराठीतही तेच आहे: लागला नाही आणि लावला नाही. एका अक्षराच्या फरकाने गाडीचा दोष माणसाच्या अंगावर आला.

पुढचे तुम्ही ओळखले असेलच. गाडी एका खाजगी वर्कशॉपमध्ये गेली. तिथे कॉम्प्युटर लावला, कोड निघाला 'शिफ्ट मोटर सर्किट'. वर्कशॉपने लिहून दिले की ट्रान्सफर केस मोटरसकट पूर्ण बदलावा लागेल, चालत्या गाडीत लो लावण्याचा प्रयत्न केल्याने तो खराब झालेला असण्याची शक्यता आहे. खर्चाचा अंदाज दीड लाखाच्या आसपास. शक्यता हा शब्द पुढच्या कागदात गळून पडला. ड्रायव्हरला एस.एफ. ११ मिळाला: निष्काळजीपणाने वाहन चालवून प्रशासनाचे नुकसान केले, रक्कम पगारातून वसूल का करू नये?

आता एक कबुली देतो. तो कागद घेऊन ड्रायव्हर आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "अरे, माफीचा अर्ज दे, आम्ही साहेबांशी बोलून रक्कम कमी करून घेतो, हप्ते पाडून घेतो." वीस-बावीस वर्षे युनियनचे काम केल्यावर अशी सवय लागते. तडजोड म्हणजेच काम असे वाटू लागते. तो उभाच होता. म्हणाला, "भाऊ, माफी कशाची मागू? ब्रेक दाबला की तो दिवा लुकलुकायचा. महिनाभर सांगतोय. सगळे हसले."

ब्रेक दाबला की चार चाकांचा दिवा लुकलुकतो. आम्हीही हसलो असतो. ब्रेकचा आणि त्या दिव्याचा काय संबंध? पण त्या वेळी युनियन ऑफिसात आमचे एक जुने सभासद बसले होते, ट्रेन लाइटिंगमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि विचारले, "मागचे ब्रेक लाइट मंद लागतात का रे तुझ्या गाडीचे?" ड्रायव्हर म्हणाला, "हो काका, मंदच आहेत." काका आम्हाला म्हणाले, "सेक्रेटरी, माफीचा अर्ज फाडा. याची अर्थ गेलेली आहे."

आता ही यंत्रणा काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे काकांना खुर्चीवर बसून कसे कळले ते ध्यानात येईल.

गाडीच्या मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, तिचा वाटा पुढच्या चाकांना द्यायचे काम याचे. शिवाय त्यात एक 'लो' असतो. लो लागला की चाके हळू फिरतात आणि जोर वाढतो, अनेक गाड्यांत अडीच पटीच्या आसपास. जुन्या विलीज जीपला यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असत. जिप्सीलाही दांडाच होता. दांडा हाताने ओढायचा, लागला की हाताला कळायचे. नंतरच्या अनेक गाड्यांत दांडा गेला आणि बटण आले. बटण फिरवले की हुकूम एका कंट्रोल डब्याला जातो. तो डबा आधी चौकशी करतो: गाडी थांबली आहे का, न्यूट्रल किंवा क्लच आहे का? मग ट्रान्सफर केसच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या १२ व्होल्टच्या मोटरला करंट देतो. मोटर एक दांडी फिरवते आणि आतला गिअर सरकतो. उलटे यायचे असेल तर डबा त्याच मोटरला प्लस-मायनस उलटे करून देतो. आणि त्या मोटरजवळच एक सेन्सर असतो, तो डब्याला कळवतो की दांडी आता अमुक जागी आली.

आमच्या सिग्नल खात्यातल्या मंडळींना हे नवीन नाही. पॉइंट मशीन असेच चालते. मोटर फिरली म्हणजे पॉइंट लागला असे आपण धरत नाही. डिटेक्शन आले पाहिजे, तरच सिग्नल पडतो. डाक खात्यातल्या बंधूंसाठी सांगायचे तर ही पोचपावती आहे. रजिस्टर पत्राची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली, त्यावर आपल्याला काय म्हणायचे आहे ते वेगळ्या ठरावात येईलच. पण पोचपावतीचा अर्थ बदललेला नाही. पत्र गेले याला किंमत नाही, पोचले याला आहे. कंट्रोल डबा हुकूम देतो, काही सेकंद पोचपावतीची वाट पाहतो आणि ती आली नाही तर दिवा लुकलुकवतो. तेव्हा लुकलुकणारा दिवा 'गिअर तुटला' असे सांगत नाही. तो एवढेच सांगतो की पोचपावती आली नाही. पत्र रस्त्यात हरवले असेल, पोस्टमन आजारी असेल, दार बंद असेल किंवा पत्र पोचूनही पावतीच हरवली असेल.

वर्कशॉपच्या कॉम्प्युटरने काढलेला कोडही तसाच. 'शिफ्ट मोटर सर्किट' याचा अर्थ मोटर जळाली असा नाही. सर्किट म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, वायर, कनेक्टर, डबा, मोटर आणि परत अर्थवरून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा सगळा फेरा. त्यात कुठेतरी बिघाड आहे एवढेच कोड सांगतो. चोरी अमुक गल्लीत झाली असे कळल्यावर गल्लीतल्या पहिल्या घरवाल्याला पकडावे, तसा प्रकार वर्कशॉपने केला. त्यांचेही खरे आहे म्हणा. दिवसभर सर्किट शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, पूर्ण डबा बदलण्याचे देतात.

आम्ही आरोपपत्राला मुदतीत उत्तर दिले आणि दोन मागण्या केल्या. एक, रीतसर चौकशी करा. दोन, ट्रान्सफर केस उघडण्याआधी गाडीची संयुक्त तपासणी करा, प्रशासनाचा सुपरवायझर आणि आमचा माणूस दोघांच्या समोर. किरकोळ शिक्षेच्या आरोपपत्रात चौकशी मागता येत नाही, असा आपल्याकडे गैरसमज आहे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत ती मागता येते. डाक खात्याला लागू असलेल्या १९६५ च्या सी.सी.एस. नियमांत नियम १६ खालीही मागता येते. द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो, पण मागणी लेखी गेली की नाकारण्याचे कारण त्यालाही लिहावे लागते. पगारातून वसुली ही 'किरकोळ' शिक्षा आहे हे विसरू नका. दीड लाखाला किरकोळ म्हणणारे नियम ज्यांनी केले, त्यांचा पगार किती असेल याचा हिशेब आम्ही केलेला नाही.

पहिल्या मागणीला उत्तर आले नाही. दुसरी मान्य झाली, तीही सुपरवायझर मनाने सरळ होता म्हणून. त्याने वरिष्ठांना सांगितले की नवा डबा बसवून पुन्हा तेच झाले तर आपलीच अडचण होईल.

तपासणीच्या दिवशी काकांनी आम्हाला कोणत्याही वायरला हात लावू दिला नाही. आधी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे लावले आणि हँडब्रेक ओढला. ट्रान्सफर केस मधल्या जागी आला, तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा घरंगळते. हे फार लोकांना माहीत नसते आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाला कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

मग त्यांनी ड्रायव्हरला विचारायला सुरुवात केली. कधीपासून होते? पावसातच होते की कोरड्यातही? टू व्हीलवरून फोर हायला जाताना होते की फक्त लोला? परत येताना होते का? शेवटचा प्रश्न मुद्दाम होता. या गाड्या कोरड्या, कडक रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवल्या आणि वळणे घेतली की पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, मधल्या शाफ्टला पीळ पडतो आणि गिअर सुटत नाही. दिवा तेव्हाही लुकलुकतो. तिथे विजेचा काही दोष नसतो, गाडी थोडी सरळ मागे घेतली की पीळ सुटतो. आमच्या ड्रायव्हरची तक्रार तशी नव्हती. त्याची तक्रार लो लावतानाची, थांबलेल्या गाडीतली आणि ब्रेक दाबल्यावरची होती.

सुपरवायझरने टेस्ट लॅम्प आणला होता. काकांनी तो बाजूला ठेवला आणि डिजिटल मीटर काढला. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. सगळे संबंधित फ्यूज काढून, बघून, मीटरने तपासून परत लावले. ठीक. मोटरचा कनेक्टर उघडला, आत थोडी हिरवट बुरशी होती. ती साफ केली, पण काका म्हणाले, "एवढ्याने होणार नाही."

सुपरवायझरने अर्थ तपासली. गाडी बंद ठेवून मीटर रेझिस्टन्सवर लावला, एक टोक कंट्रोल डब्याच्या अर्थ वायरला, दुसरे बॅटरीच्या मायनसला. आकडा आला अर्धा ओहम. तो म्हणाला, "बघा, अर्थ तर आहे." काकांनी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून दाखवली. त्यातच ०.२ आला. म्हणजे खरा आकडा ०.३ ओहम. सुपरवायझर म्हणाला, "हे तर काहीच नाही."

बंधूंनो, इथे थोडे थांबा, कारण सगळी केस या 'काहीच नाही' वर उभी होती. काकांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. गिअर सरकवताना ती मोटर जोर लावते तेव्हा समजा १४ अँपिअर ओढते. १४ गुणिले ०.३ म्हणजे ४.२. चार व्होल्ट रस्त्यातच खाल्ले गेले. १२ व्होल्टच्या मोटरला उरले किती? करंट नसताना ०.३ ओहम म्हणजे काहीच नाही, करंट वाहू लागला की तोच ०.३ गाडी अडवतो. वायरच्या शंभर तारांपैकी दोनच तारा शाबूत असतील तरी मीटर बारा व्होल्ट दाखवील आणि टेस्ट लॅम्पचा छोटा दिवाही लागेल. नळाला पाणी आहे की नाही हे बोट लावून कळते. बादली भरेल की नाही हे नळ सोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून अर्थ तपासायची ती काम चालू असताना आणि ओहमवर नाही, व्होल्टवर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे कंट्रोल डब्याच्या अर्थ वायरला. ड्रायव्हरला बटण लोवर फिरवायला सांगितले. चांगल्या अर्थवर हा आकडा शून्याच्या जवळ राहायला पाहिजे, फार तर ०.२. आमच्यासमोर आकडा चढला तो ४.२ वर. मग काका म्हणाले, "आता ब्रेक दाब." आकडा ५ पर्यंत गेला आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकू लागला.

कुणी काही बोलले नाही. ड्रायव्हर खिडकीतून बघत होता.

कारण साधे होते. मागच्या ब्रेक लाइटची अर्थ आणि कंट्रोल डब्याची अर्थ एकाच बोल्टवर होती. ब्रेक दाबला की २१-२१ वॅटचे दोन दिवे लागायचे, त्यांचा तीन-साडेतीन अँपिअर त्याच खराब जागेतून जायचा आणि उरलेसुरले व्होल्ट खायचा. लो लावताना गाडी उतारावर उभी ठेवायची तर ब्रेक दाबावाच लागतो. म्हणजे ड्रायव्हर जितका नियमाने वागेल तितका गिअर लागणार नाही, अशी ती व्यवस्था होती.

बाकीचेही मोजले आणि लिहिले. ब्रेक सोडून, मोटर जोर लावत असताना, बॅटरीवर १२.०, प्लसच्या बाजूला गळती ०.४, अर्थच्या बाजूला ४.२, मोटरवर ७.४. बेरीज करून बघा, हिशेब जुळतो. हिशेब जुळला म्हणजे चोर सापडला, आणखी कुठे शोधायला नको. तरीही पुढे 'मोटर आधीच जळली होती' असे कुणी म्हणू नये म्हणून काकांनी मोटर काढून फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवरून क्षणभर थेट चालवून दाखवली, सुलटी आणि उलटी. ट्रान्सफर केसची दांडी पान्याने हाताने फिरवून दाखवली. लो लागत होता. डबा आतून शाबूत होता. दीड लाखाचा डबा!

तो बोल्ट शोधायला मात्र अर्धा तास गेला. चॅसिसच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या मागे. त्या वर्षी उन्हाळ्यात गाडीच्या खालच्या बाजूला गंजरोधक काळा रंग मारून घेतला होता, ठेकेदाराकडून. रंगवणाऱ्याने अर्थचा बोल्ट सोडवला, खाली रंग मारला आणि रंगावरच परत आवळला. रंग वीज वाहत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी वाहत होती तेवढ्यावर गाडी दोन महिने चालली, पाऊस आला आणि आट्यांना गंज धरला. काकांनी जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, वायरचे टोक घासले, दातेरी वॉशर घालून आवळले आणि वरून ग्रीस लावले. परत मोजले: अर्थची गळती ०.१, मोटरवर ११.३. बटण फिरवले, खालून 'खट' असा आवाज आला, दिवा एकदा लागून स्थिर झाला. ब्रेक दाबून, सोडून, इंजिन बंद ठेवून, चालू ठेवून, वीस वेळा लो लावला आणि काढला. वीसही वेळा लागला. खर्च सांगायचा तर एक पॉलिश पेपर आणि एक वॉशर.

सुपरवायझरने एक प्रश्न विचारला, तो योग्य होता. वर्कशॉपमध्ये दोन वेळा लो लागला होता, ते कसे? वर्कशॉपमध्ये इंजिन चालू होते, अल्टरनेटर १४ व्होल्ट देत होता, जमीन सपाट आणि कोरडी, वायपर-हेडलाइट बंद. दोन व्होल्ट जास्त आणि गिअरच्या दातांवर ताण नाही, म्हणून लागला. घाटात रात्री सगळे दिवे चालू, गाडी चढावर लटकलेली, दात एकमेकांत अडकलेले. मोटरला तिथे जास्त जोर हवा होता आणि तिथेच तो कमी मिळाला. 'आमच्याकडे तपासले तेव्हा बरोबर होते' हे वाक्य प्रत्येक चौकशीत येते. त्यावर विचारायचा प्रश्न एकच: कोणत्या परिस्थितीत तपासले?

आकड्यांच्या कागदावर वेळ, मीटरचा क्रमांक आणि दोघांच्या सह्या झाल्या. तो कागद आम्ही आरोपपत्राच्या उत्तराला पुरवणी म्हणून जोडला. वसुली रद्द झाली. जबाबातल्या 'लगाया' बद्दल वेगळा अर्ज दिला होता, त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

आणि ड्रायव्हर पूर्ण सुटला का? नाही. त्याला सेन्शुअर मिळाला, म्हणजे ठपका. कारण काय, तर दिवा लुकलुकतो हे त्याने महिनाभर तोंडी सांगितले, लॉगबुकात एकदाही लिहिले नाही. गाडीतला बिघाड लिहून न देता गाडी बाहेर काढली. यावर आम्ही अपील केले, ते फेटाळले गेले. खरे सांगायचे तर अपिलात लिहिण्यासारखे आमच्याकडे फार काही नव्हते. त्याने लिहिले नव्हते हे खरेच होते. लॉगबुक त्याच्या हातात होते आणि पेन खिशात होते. मनगट मोडलेल्या ट्रॅकमनचा ड्युटीवरील इजेचा कागद त्याच रात्री झाला होता, म्हणून त्याच्या बाबतीत प्रश्न आला नाही. एक कागद वेळेवर झाला, दुसरा झाला नाही, फरक समोर आहे.

डाक खात्यातले बंधू म्हणतील, आमच्या मेल मोटरला कुठे फोर व्हील आहे? नसेल. पण १२ व्होल्ट, २४ व्होल्ट आणि अर्थ तुमच्याही गाडीला आहे. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट मंद होतो, हेडलाइट लावला की डिझेलचा काटा हलतो, स्टार्टर मारताना घड्याळ शून्यावर येते, अशी 'भुताटकी' दिसली की समजा दोन कामे एका खराब अर्थवर आहेत. आणि वसुलीचा अनुभव तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त आहे. दुसऱ्याने केलेल्या अफरातफरीत 'तुमच्याही दुर्लक्षाने हातभार लागला' म्हणून तुमच्या पगारातून कापतात. तिथेही प्रश्न हाच असतो: नुकसान नेमके कुठल्या जागी झाले आणि त्या जागेचा माझ्याशी संबंध कोणता? मोजून दाखवा.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी आमच्या मोटर शेडला स्वतःचा ऑटो इलेक्ट्रिशियन होता. तो रिटायर झाला, जागा सरेंडर झाली, काम ठेक्यावर गेले. तो असता तर रंगवणाऱ्याच्या पाठीमागे उभा राहून अर्थचे बोल्ट त्याने स्वतः घासले असते, कारण पावसाळ्यात गाडीखाली त्यालाच जावे लागले असते. आता अनेक ठिकाणी गाड्याही भाड्याच्या आणि ड्रायव्हरही ठेकेदाराचा. त्याला एस.एफ. ११ सुद्धा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी नवा माणूस येतो, एवढेच. आमच्या ड्रायव्हरला निदान आरोपपत्र मिळाले, म्हणून उत्तर देता आले. या ठेक्यावरच्या मुलांना सभासद करून घेण्याचा विषय उद्या सकाळच्या सत्रात आहे, तेव्हा उपस्थिती पूर्ण ठेवा.

काका आज आलेले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना भाषण करायला सांगितले तर ते उठून जातील, म्हणून सांगत नाही. बाहेर आंब्याखाली एक जुनी पिकअप उभी केली आहे. तिची एक अर्थ आम्ही मुद्दाम सैल करून रंगावर आवळली आहे, कोणती ते सांगणार नाही. चहा झाल्यावर पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. मीटर दोनच आहेत, तेव्हा एका टोळीने मोजायचे आणि दुसरीने आकडे लिहायचे. डाकवाले आणि रेल्वेवाले वेगळे बसू नका. आणि आधी चाकांखाली ठोकळे लावा.